साक्ष नसलेली माणसं

प्रार्थनासभेत त्या संध्याकाळी एका नव्या माणसाची साक्ष होती, म्हणजे देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सभेपुढे उभं राहून सांगणं. साक्ष ऐकायची सवय ज्यांना आहे त्यांना ते दृश्य नुसतं सांगितलं तरी दिसेल. माणूस उभा राहतो, घसा खाकरतो, पहिली दोन-चार वाक्यं इतरांकडून ऐकलेली, ठरावीक असतात, आणि मग एकदा बांध फुटला की सख्ख्या भावालाही सांगितलं नसतं ते भरल्या सभेत सांगून टाकतो. हा गृहस्थ दारूत बुडालेला होता. घरातलं विकण्याजोगं सगळं विकून झालेलं, नोकरी गेलेली, बाप घरात शिरला की मुलगी दाराआड व्हायची. बोलताना त्याचा एक हात दुसऱ्या हाताच्या बाहीचं बटण सारखं काढत होता, लावत होता. ‘त्या रात्री’ या शब्दांपाशी तो थांबला, बराच वेळ थांबला, आणि मागून कोणीतरी ‘हालेलुया’ म्हटल्यावर पुढे गेला. मुलगी आता शेजारी बसून अभ्यास करते, हे सांगताना मात्र त्याला रडू आवरेना. सभेत सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज. माझेही डोळे भरून आले होते. तेवढ्यात शेजारच्या काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “आपण कधी प्यायलोच नाही गं. मग आपल्याला साक्षच नाही की काय?”

हसू दाबायला मला रुमाल तोंडाशी न्यावा लागला. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं असेल, हिला फारच गहिवरून आलंय. काकूंचा स्वभावच तसा, गंभीर ठिकाणी हमखास चिमटा काढणार. पण त्यांचं वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि जाईना. काकूंनी उभी हयात संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवण्यात घालवली. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतःची मुलं घेऊन येतात. त्यांना कोणी कधी पुढे बोलावून ‘साक्ष द्या’ म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असतं तर त्या काय बोलल्या असत्या? दर रविवारी वेळेवर आले, खडू संपले की आणले, नोहाच्या तारवाचं चित्र फळ्यावर काढून काढून आता डोळे मिटूनही काढता येतं. यावर कोण हालेलुया म्हणणार?

माझंही तेच. मी विश्वासाच्या घरात जन्मले, गीतं ऐकत झोपले, ‘आमेन’ हा शब्द बहुधा ‘आई’च्या पाठोपाठ शिकले असेन. काही मंडळींत तारण, म्हणजे पापातून सुटका, कधी झालं हे तारखेसकट विचारतात, आणि माणसं वाढदिवस सांगावा तशी तारीख सांगतात. माझ्याकडे तारीख नाही. साक्षीला ‘आधी’ आणि ‘नंतर’ लागतं. आधी अंधार, नंतर उजेड. आमच्यासारख्यांच्या घरात दिवा आधीपासूनच लागलेला होता, तो कोणी लावला, कधी लावला, काही माहीत नाही. त्यामुळे दारू सोडलेल्या माणसाची साक्ष ऐकताना डोळे भरून येतात तसाच मनाच्या एका कोपऱ्यात एक चमत्कारिक हेवाही वाटतो. आणि त्या हेव्याच्या मागे आणखी एक क्षुद्र विचार दडलेला असतो: बघू, वर्षभर टिकतो का. हे मी लिहिते आहे खरी, पण असा विचार करणारी त्या सभेत मी एकटी नव्हते, एवढं खात्रीने सांगते.

साक्षीचा हा साचा आपण घेतला पौलाकडून. दिमिष्काची (दमास्कसची) वाट, आकाशातून प्रकाश, घोड्यावरून पडलेला शौल, म्हणजे हाच पौल. (घोडा चित्रकारांनी घातला. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात या प्रसंगी घोड्याचा उल्लेखही नाही.) पण तो अध्याय पुन्हा सावकाश वाचला तर प्रकाशाला फार थोड्या ओळी मिळाल्या आहेत. पुढे तीन दिवस हा माणूस आंधळा होऊन, काही न खातापिता एका घरात बसून आहे. खरी अडचण आहे ती हनन्याची, तिथल्याच एका शिष्याची. देव त्याला सांगतो, जा, त्या माणसावर हात ठेव. हनन्या चक्क हुज्जत घालतो: प्रभू, या माणसाबद्दल मी बरंच ऐकलंय. त्याचं चूक नाही. येशूवरच्या विश्वासासाठी स्तेफनाला धोंडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे याच शौलापाशी ठेवले होते, आणि आता तो दिमिष्कातल्या येशूच्या लोकांना बांधून न्यायला आला होता. बांधून न्यायच्या लोकांत हनन्याही असता. तरी तो गेला, हात ठेवला आणि पहिला शब्द उच्चारला तो ‘शौल भाऊ’. मला त्या सबंध अध्यायात प्रकाशापेक्षा हे ‘भाऊ’ जास्त दिपवतं. घशातून तो शब्द बाहेर काढायला हनन्याला काय पडलं असेल? त्याची साक्ष कोणी लिहून ठेवली नाही. त्यानंतर तो गोष्टीतून जवळजवळ नाहीसाच होतो.

आणि ‘नंतर’ म्हणजे तरी काय? पौल स्वतः गलतीकरांना लिहितो की तीन वर्षांनी तो यरुशलेमेला गेला, आणि पुढे चौदा वर्षांनी पुन्हा. तिथल्या शिष्यांचा आधी विश्वासच बसेना. बर्णबा नावाच्या शिष्याने हात धरून नेलं तेव्हा कुठे दार उघडलं. पुढे त्याच बर्णबाशी, मार्काला प्रवासात बरोबर न्यायचं की नाही यावरून, त्याचं इतकं कडाक्याचं वाजलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. म्हणजे स्वभाव तोच राहिला. जो माणूस छळ करायला शंभर-दीडशे मैल जायला निघाला होता, तोच माणूस त्याच हट्टाने सुवार्ता घेऊन गावोगाव फिरला, फटके खाल्ले, जहाजं फुटली तरी पुन्हा जहाजात बसला. करिंथकरांना लिहिताना तो म्हणतो, मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे. इथे थांबायला हवं होतं. पण थांबत नाही. लगेच म्हणतो, मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त राबलो. आणि मग जीभ चावल्यासारखा: मी नाही हं, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने. त्या एका वाक्यात माणूस असा तीनदा कूस बदलतो. ते वाचताना मला तो फार जवळचा वाटतो. कृपेने त्याचा ‘मी’ पुसून टाकला नव्हता, फक्त प्रत्येक वेळी तो ‘मी’ म्हणाला की कोणीतरी बाही ओढत होतं.

कृपेच्या साक्षींमध्ये जॉन न्यूटनची साक्ष सगळ्यांना ठाऊक असते, निदान त्याचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत तरी. गुलामांच्या व्यापारातला खलाशी, मार्च १७४८ मधलं अटलांटिकवरचं वादळ, फुटायला आलेलं जहाज, देवाचा धावा, आणि मग तो पाळक होऊन कृपेवर ते गीत लिहितो. व्यासपीठावरून ही गोष्ट अशीच सांगतात, दोन मिनिटांत. तारखा लावून पाहिल्या की मात्र ती गोष्ट जड होते. वादळातून वाचल्यावरही न्यूटन गुलामांचा व्यापार करतच राहिला. उलट बढती मिळून तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. डेकवर खलाशांना जमवून उपासना चालवायचा, आणि खाली तळाशी माणसं साखळदंडात. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीने साथ सोडली म्हणून. १७६४ मध्ये पाळकाची दीक्षा, ओल्नी गावात सेवा. १७७३ च्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच्या उपासनेसाठी ते गीत. आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ साली. वादळाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. एकेकाळी आपण त्या धंद्यात हिरिरीने होतो हे आठवून आता काळीज थरकापतं, असं त्याने त्यात लिहिलं, आणि हा कबुलीजबाब फार उशिरा येतो आहे हेही. पुढे त्याने संसदेच्या चौकशीपुढे साक्ष दिली. ती मात्र खरीखुरी साक्ष, कोर्टातल्यासारखी: कोणत्या जहाजात, किती माणसं, कशी ठेवायचे. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन गेला.

‘कृपा हळूहळू काम करते’ असं आपण अगदी सहज म्हणून जातो.

पण त्या हळूहळूची किंमत जहाजाच्या तळाशी असलेल्यांनी मोजली. न्यूटनच्या अंतःकरणाला पिकायला चाळीस वर्षं मिळाली, त्यांना मिळाली नाहीत. ही गोष्ट मला कोणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही, आणि जे घाईने समजावतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. तरीही मी न्यूटनला सोडून देऊ शकत नाही. कारण माझ्याही आयुष्यात अशी कितीतरी तळघरं असणार, ज्यांच्या वरती मी गीतं म्हणते आहे. मला ती अजून दिसलेली नाहीत एवढंच. वादळाच्या रात्री न्यूटनला देव सापडला होता, यात मला शंका नाही. पण देवाने जे त्याच्यापुढे ठेवलं ते पूर्ण दिसायला त्याला अर्धं आयुष्य लागलं. म्हणून व्यासपीठावरचा माणूस ‘आणि त्या रात्री सगळं बदललं’ म्हणतो तेव्हा मी मनातल्या मनात म्हणते, बाबा रे, आत्ता कुठे सुरुवात झाली आहे.

याच्या अगदी उलट्या टोकाची साक्ष पंडिता रमाबाईंची. उलटी अशासाठी की त्यांच्याकडे काम आधी आलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींकडे, असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या, नुसत्या राहत नव्हत्या, सावरून इतरांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. इतकं शास्त्र वाचलेल्या, पुराणं मुखोद्गत असलेल्या या बाईंनी असल्या स्त्रियांवर कोणी माया केलेली पाहिली नव्हती. हे कशाच्या बळावर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली, जिच्याशी येशू आपणहून बोलतो. पुढे भारतात येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवायला सुरुवात केली, टीका सोसली. आपण याला सेवा म्हणू, समर्पण म्हणू, सगळी मोठी विशेषणं लावू. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही.

आठ वर्षं! तेही कोणाला, रमाबाईंना. मला हे वाचून पहिल्यांदा दिलासाच मिळाला होता, आणि मग थोडी भीती. म्हणजे माणूस चर्चमध्ये असू शकतो, उत्तम काम करत असू शकतो, त्या कामासाठी शिव्या खात असू शकतो आणि तरी आत कुठेतरी हिशेब फेडत असू शकतो. देवाने इतकं केलं, आता मी एवढं केलं पाहिजे. एवढं केलं, अजून थोडं केलं पाहिजे. हा सावकारी हिशेब आपल्या हाडामांसात मुरलेला आहे. मुद्दल फिटत नाही, व्याज वाढत जातं, आणि गंमत म्हणजे पलीकडे सावकार कोणी नसतोच. रमाबाईंचं नेमकं काय झालं ते त्यांनाच ठाऊक. बाहेरून दिसतं ते इतकंच की त्यानंतर त्यांच्या कामाची दारं जास्तच रुंद झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली आणि विधवा बरोबर घेऊन आल्या. १८७४ मध्ये दुष्काळानेच त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या आत हिरावून नेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. शेकडो मुली, शेती, माग, तेलाचा घाणा, छापखाना.

आणि त्या आवारातल्या एका घराचं नाव होतं कृपा सदन.

ते कोणासाठी होतं? फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्या स्त्रियांसाठी. शारदा सदन विद्येचं, मुक्ती सदन सुटकेचं, आणि ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांच्या घराला कृपेचं नाव. लंडनच्या एका घरात परक्या बाईने जे थक्क होऊन पाहिलं, ते तिने आपल्या मातीत आणून लावलं. आयुष्याचा हेतू वगैरे शब्द मला जरा जडच जातात, पण असलाच तर तो असा दिसत असावा. रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतलं काम म्हणजे हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर. कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं, हा हट्ट. छापखान्यात खिळे जुळवायला त्याच मुली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली जड शिशाचे खिळे एकेक करून ओळीत बसवताहेत, उलटी अक्षरं वाचून सुलटा शब्द जमला की नाही बघताहेत, बोटं शाईने काळी. साक्ष कशी दिसते असं मला कोणी विचारलं तर मी ती बोटं दाखवीन.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर राहून जाईल. हल्ली कृपा हा शब्द फार सैल झाला आहे. नवी गाडी आली, प्रभूची कृपा. बढती झाली, कृपा. मुलाला परदेशी जायचा व्हिसा मिळाला, विशेष कृपा. आनंद झाला की देवाचं नाव ओठांवर यावं, यात वाईट काही नाही, मीही म्हणते. पण मग ज्याला व्हिसा मिळाला नाही त्याच्या वाट्याला काय आलं? पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो काटा काय होता यावर पंडितांनी पानं भरली आहेत. तो गेला नाही, एवढं नक्की. उत्तर आलं: माझी कृपा तुला पुरे आहे. म्हणजे इथे नवा करारच कृपा हा शब्द वापरतो तेव्हा मागितलेली गोष्ट हातात पडलेली नसते. हे व्यासपीठावरून सांगायला अवघड आहे, टाळ्या पडत नाहीत. दुसऱ्या बाजूला, सगळं माफच आहे तर मग वागू कसंही, हाही शहाणपणा नवा नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय, हा प्रश्न रोमकरांच्या पत्रात पौलाला स्वतःलाच घ्यावा लागला होता. जर्मनीत डीट्रिख बोनहॉफर या पाळकाने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपे’वर कोरडे ओढले, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या राजवटीने त्याला फासावर दिलं. असा माणूस ‘स्वस्त’ हा शब्द वापरतो तेव्हा ऐकावं लागतं.

माझ्या बाबांकडे प्रार्थनेची एक वही असायची. एक संपली की दुसरी, पण दिसायला सगळ्या सारख्याच: लांबट, रेघांची, पुठ्ठ्याच्या कडा झिजून कापूस निघालेला. पहाटे ती उघडून ते खुर्चीत बसायचे, टेबलाच्या कडेला चष्म्याची डबी, पेन्सिल कानावर. पानावर नावं. आजाऱ्यांची, परीक्षेला बसणाऱ्या मुलांची, लांब राहणाऱ्या नातेवाइकांची. मागणं पुरं झालं की पुढे बारीक खूण. बाबा काही संत नव्हते. तापट होते, हिशेबाला कडक, आम्हा मुलांना त्यांचा धाकच जास्त. ते गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या आणि त्यांत मला एक नाव सापडलं, जे पाहून मी उभीच राहिले. बाबांचा एकेकाळचा भागीदार. ज्याने त्यांना फसवलं, पैसे बुडवले, आणि ज्याचं नाव आमच्या घरात काढायचं नाही असा अलिखित नियम होता. ते नाव त्या वहीत होतं. पुढच्या वहीतही, त्याच्या पुढच्याही. पानामागून पान. खूण कुठेच नाही. आणि काही पानांवर त्या नावापुढे पेन्सिलीने दोनच शब्द: आज नाही.

म्हणजे आज जमत नाही. आज या माणसासाठी तोंड उघडत नाही. तरी नाव लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. बाबांनी याबद्दल कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. ते कधी साक्ष द्यायला उभे राहिले नाहीत, राहिले असते तरी हे सांगितलं नसतं. त्यांचा तापटपणाही अखेरपर्यंत गेला नाही. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाच्या आयुष्यात कृपेने काय मोठा फरक पडला? मी त्या ‘आज नाही’कडे बघते आणि मला वाटतं, फरक त्या खुर्चीत पडत होता, रोज थोडा, आणि काही दिवस पडत नव्हता. काकूंना मी ही वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, “काकू, तुम्ही इतकी वर्षं शिकवत राहिलात ते कशासाठी?” मला वाटलं होतं काहीतरी खोल ऐकायला मिळेल. काकू म्हणाल्या, “मुलं येतात ना दर रविवारी. मग कोणीतरी नको का तिथे?”

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ हा आमच्यासारख्यांचा माणूस. आपला वाटा उडवून धाकटा परत येतो तो एक भाषण पाठ करून: बाप, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजुरासारखं ठेवा. प्रत्यक्षात बाप त्याला शेवटचं वाक्य म्हणूच देत नाही. मजुरीचा विषय निघायच्या आधीच झगा, अंगठी, जोडे यांची हाकाटी सुरू होते. थोरला मात्र दाराबाहेर उभा राहून नेमकी मजुरीचीच भाषा बोलतो: इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत. एक जण मजूर व्हायला तयार होऊन आला आणि मुलगा ठरला, दुसरा मुलगा असून जन्मभर मजुरीच करत होता. आजवर प्रवचनांत थोरल्याला फार बोल लावले गेले. मला त्याची कीव येते, कारण त्याचा हिशेब बरोबर आहे. गोष्टीच्या सुरुवातीलाच बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली होती. धाकट्याने त्याचा वाटा उडवला. म्हणजे घरात उरलं होतं ते थोरल्याचं. ‘माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे’ असं बापही म्हणतो. मग ते पोसलेलं वासरू कोणाच्या वाट्यातलं? तो झगा, ती अंगठी? कृपा बापाने केली, आणि तिचा खर्च थोरल्याच्या खात्यावर पडला. तेही त्याला न विचारता. तो शेतातून घरी येतो तेव्हा वाजंत्री सुरू झालेली असते.

दारू सोडलेल्या त्या माणसाच्या साक्षीतही बायको होती. ती त्या संध्याकाळी शेवटच्या रांगेत बसली होती, साडीचा पदर घट्ट आवळून, आणि सगळे रडत असताना तिचे डोळे कोरडे होते. तिचं काय काय विकलं गेलं ते परत येणार नव्हतं. मंडळीने त्याला मिठी मारली, खर्च तिचा. मला वाटतं विश्वासाच्या घरात जन्मलेल्यांच्या वाट्याला हेच येतं. आपण मेजवानीचे पाहुणे कमी आणि घरचे जास्त. कोणाला तरी सामावून घेण्यासाठी आपली खुर्ची सरकवावी लागते, आपला वेळ, आपला संशय, कधी आपला न्याय्य राग बाजूला ठेवावा लागतो. ते आनंदाने जमेलच असं नाही. बाप बाहेर येऊन समजूत घालतो, पण थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही.

बाबांच्या वहीतलं ते नाव मी आईला दाखवलं. म्हटलं, तुला माहीत होतं का, बाबा त्या माणसासाठी रोज प्रार्थना करायचे? आईने वही हातात घेतली नाही. म्हणाली, “माहीत होतं की. त्यांनी माफ केलं, पण घर मी चालवत होते. तुमच्या फिया मी कशा भरल्या ते मला ठाऊक. मला कोणी विचारलं होतं का?” मी गप्प बसले. जरा वेळाने आपणहूनच म्हणाली, “त्याची बायको दिसते अधूनमधून बाजारात. थांबते, बोलते मी तिच्याशी. तिचा काय दोष? त्याच्याशी नाही बोलत अजून.”